झालं की वळायचं

“कुणी सांगितलं होतं तुला मागे वळायला?” मोठ्या सरांनी टेबलावर पेन आपटत पुन्हा विचारलं.

“माझं झालं होतं, सर,” मुंगी पुन्हा तेच म्हणाली.

बाई दारातच उभ्या होत्या. शिपायाने त्यांना दुसरीच्या वर्गावरून उठवून आणलं होतं, त्यामुळे खडू हातातच राहिला होता. ते एक वाक्य कानावर पडलं आणि काय घडलं असेल ते त्यांना सगळं कळलं. मोठ्या सरांना तो उद्धटपणा वाटत होता. बाईंना मात्र माहीत होतं की पोरीने विचारलेल्या प्रश्नाचं सरळ आणि पुरतं उत्तर दिलं आहे. त्याला आणखी काही जोडावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

“या बाई, आत या,” मोठे सर म्हणाले. “ही तुमच्या वस्तीवरच्या शाळेतलीच ना? गणिताच्या पेपरात मागच्या बाकावरच्या लंबूला उत्तरं सांगत होती. पकडली तर रडणं नाही, माफी नाही. वर म्हणते, बाईंनीच असं शिकवलंय!”

“उत्तर नाही सांगितलं,” मुंगी म्हणाली. “उत्तर सांगायचं नसतंच. तो छेद सारखे न करताच बेरीज करत होता. मी फक्त म्हटलं, आधी छेद सारखे कर.”

“ऐकलंत?” मोठ्या सरांनी हात जोडले. “परीक्षेत शिकवणी!”

हसू येण्यासारखंच होतं ते, पण हसायची सोय नव्हती. बाईंनी मुंगीकडे पाहिलं. पाचवीतली पोर, अंगाने तिसरीतली वाटेल अशी. वेणीची रिबीन सुटून खांद्यावर आलेली, आणि डोळ्यांत भीतीपेक्षा गोंधळच जास्त. आपण नेमकं काय केलं, हे तिला खरंच कळलं नव्हतं.

“तू बाहेर थांब,” बाई तिला म्हणाल्या. ती गेली, जाताना दार हळूच ओढून घेतलं.

“खरं आहे, सर,” बाई म्हणाल्या. “मीच शिकवलंय.”

आता हे मोठ्या सरांना कसं समजावणार? बाईंची शाळा म्हणजे एक खोली होती. वर पत्रा, खाली फरशी, आणि चार भिंतींवर चार फळे. प्रत्येक इयत्तेची स्वतःची भिंत. दाराजवळची पहिलीची, कारण पहिलीतल्या पोरांना कधी बाहेर धावावं लागेल याचा नेम नसतो. खिडकीची चौथीची, कारण चौथीपर्यंत टिकलेल्याला थोडा उजेड आणि वारा मिळायला हरकत नाही, असं बाईंचं मत. सगळी आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणजे सगळ्यांच्या पाठी एकमेकांकडे. मधे बाई. एका भिंतीला काम द्यायचं, गर्रकन वळायचं, दुसरीला शिकवायचं, पुन्हा वळायचं. उभी हयात त्यांनी त्या खोलीत असं फिरण्यात घालवली. दुसरा शिक्षक येणार, येणार म्हणून दरवर्षी ऐकायच्या. तो काही आला नाही.

मग एकटीने चार इयत्ता ओढायच्या तर काहीतरी युक्ती हवीच. बाईंनी एकच नियम केला होता, झालं की वळायचं. आपलं काम संपलं की मागे वळून बघायचं, कुणाचं अडलंय, आणि त्याच्याजवळ जाऊन बसायचं. उत्तर सांगायचं नाही, फक्त कुठे अडलंय ते बोट ठेवून दाखवायचं. ‘माझं झालं’ याचा अर्थ त्या खोलीत ‘मी सुटलो’ असा कधी नव्हताच. माझं झालं, आता मी तुझ्यासाठी मोकळा आहे, असा होता. पुढे बाईंना सांगावंही लागेना. मोठ्याने धाकट्याला शिकवलं, तो धाकटा मोठा झाला की त्याने त्याच्या धाकट्याला.

मुंगी त्या खोलीत आली तेव्हा पहिलीतली सगळ्यांत लहान होती. सदानकदा काहीतरी उचलून नेत असायची, पाण्याचा तांब्या, कुणाचं दप्तर, स्वतःपेक्षा मोठा झाडू. म्हणून बाईंनी नाव ठेवलं मुंगी. एकदा बाई चौथीच्या भिंतीला प्रश्न विचारत होत्या, चौथीतली पोरं मख्ख चेहऱ्याने गप्प, आणि पहिलीच्या भिंतीकडे तोंड करून पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुंगीने मान न वळवताच उत्तर दिलं. पाठीने ऐकून शिकली होती. त्या दिवशी बाईंना किती आनंद झाला! घरी जाईपर्यंत त्या एकट्याच हसत होत्या.

मग वस्ती रिकामी होत गेली. कामाच्या मागे लोक निघून गेले, पोरंही गेली. आधी दुसरीची भिंत ओकीबोकी झाली, मग तिसरीची, मग पहिलीची. शेवटच्या वर्षी मुंगी एकटीच चौथीच्या भिंतीपाशी उरली. गणित झालं की सवयीने वळायची, आणि मागे तर कुणीच नाही. मग बाईच जाऊन पहिलीच्या भिंतीशी मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, “अडलं गं माझं, मुंगी.” मुंगी गंभीर चेहऱ्याने यायची आणि त्यांना हातचा घ्यायला शिकवायची. बाईही मुद्दाम चुकायच्या. असं दोघींनी ते वर्ष काढलं. नंतर शाळा बंद झाल्याचा आदेश आला, आणि जुन्या सामानातला एक नग शिल्लक राहावा तशा बाई या मोठ्या शाळेत येऊन पडल्या. मुंगीही बसने इथेच यायला लागली.

इथे एका वर्गाला एक खोली आणि एका खोलीला एक फळा. बाई मुलांना गणित घालायच्या आणि झटकन मागच्या भिंतीकडे वळायच्या. तिथे दप्तरांच्या खुंट्या. पोरं खुदखुदायची. पंधरवड्याच्या आत त्यांचं नाव भोवरा बाई पडलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. नाव चुकीचं नव्हतं.

“बाई,” मोठे सर आता जरा नरमाईने बोलत होते. माणूस वाईट नव्हता, शाळा मोठी होती आणि डोक्याला ताप अनेक. “तुमच्या तिथे ते ठीक होतं. पण इथे वर्गात एवढी पोरं. प्रत्येक जण वळायला लागला तर परीक्षा घेऊन काय करायचं? नियमाप्रमाणे मला तिच्या वडिलांना बोलवावंच लागणार.”

“नको,” बाई एकदम म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “वडिलांना नको, सर. मोठ्या मिनतवारीने त्यांनी तिला पाठवलंय. तुमचा निरोप गेला की दुसऱ्या दिवसापासून पोर घरी बसेल.”

मोठ्या सरांनी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं.

“बरं. परवा विज्ञानाचा पेपर आहे. त्या वर्गावर तुम्हीच राहा. ती नाही वळली, तर आजचं मी विसरलो. वळली, तर निरोप जाणार. तुम्हीच लावलीत ना सवय? मग तुम्हीच मोडा.”

संध्याकाळी बाई मुंगीला सोडायला फाटकापर्यंत आल्या, तर नेमके तिचे वडील तिथेच उभे. खडीच्या खाणीवर काम करणारा माणूस, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. हातात छिन्न्यांची पिशवी. धार लावून घ्यायला आले होते.

“काय बाई, आमच्या पोरीची तक्रार नाही ना काही?”

मुंगीने मान खाली घातली.

“छे,” बाई म्हणाल्या. “हुशार आहे तुमची मुलगी.”

“असेल हो हुशार. पण मी तिच्या आईला सांगून ठेवलंय, जोवर नीट चाललंय तोवर जाऊ दे. एक जरी तक्रार आली तरी बस झालं. घरी धाकटी दोघं आहेत, त्यांच्याकडे बघायला माणूस नाही. ही कुठे बॅरिस्टर होणार आहे?”

“होईलही,” बाई म्हणाल्या.

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

बस आली. मुंगी नेहमीसारखी थेट मागच्या लांब बाकावर गेली, गुडघ्यांवर बसून मागच्या काचेला चिकटली आणि हात हलवायला लागली. रोजचंच होतं हे. बस रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवायची आणि बाईही फाटकाशी उभ्या राहून हलवायच्या. या शाळेतल्या दिवसभरातला बाईंना खरोखर आपला वाटणारा वेळ तेवढाच. आज शेजारी वडील होते तरी ती वळलीच.

घरी बाईंनी चहा टाकला, गाळणं घेतलं, आणि भलत्याच भिंतीकडे वळून उभ्या राहिल्या.

“पहिलीचा वर्ग सुटला वाटतं,” वर्तमानपत्रामागून त्यांचे यजमान म्हणाले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांना बायकोची चेष्टा करायला भरपूर सवड होती.

“अहो, चेष्टा पुरे. सवय मोडता येते का हो माणसाची?”

“कुणाची? तुझी? सुंभ जळतो पण पीळ जात नाही.”

“माझी नाही. लहान मुलीची.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाईंनी सगळं सांगितलं.

“लहान मुलांची मोडते,” ते म्हणाले. “तेच तर वाईट आहे.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मुंगीला पाचवीच्या रिकाम्या वर्गात बसवलं. बसला अजून अवकाश होता. आधी नीट समजावून सांगितलं. परीक्षेत मागे बघायचं नाही, इथे त्याला कॉपी म्हणतात, वडिलांना कळलं तर शाळा सुटेल. मुंगी ऐकत होती. शाळा सुटेल म्हटल्यावर तिने ओठ घट्ट मिटले.

“पण बाई, मागच्याला नाही आलं तर?”

“नाही आलं तर नाही आलं.”

“मग त्याला कोण सांगणार?”

“त्याचे सर सांगतील.”

“कधी?”

पाचवीच्या वर्गात इतकी पोरं होती की सरांना लंबूचं नाव आठवायचीच मारामार.

“आपल्या शाळेत आपण चूक करत होतो का?” मुंगीने विचारलं.

“नाही गं बाळ. चूक नव्हती ती. इथे चालत नाही, एवढंच.”

मुंगीने मान हलवली. तिला पटलं नव्हतं, पण बाई सांगतात म्हणजे करायचं, हेही त्याच खोलीतलं शिक्षण.

बाईंनी तिला फळ्यावर गणितं घालून दिली आणि स्वतः तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बाक लहान, गुडघे वरच्या फळीला टेकत होते. मुंगीची पेन्सिल भराभर चालली, थांबली. आणि ती वळली. तोंडभर हसत वळली. बाई मागे बसल्यात म्हणजे तो जुना खेळ, असंच तिला वाटलं असणार.

“नाही,” बाई म्हणाल्या. “समोर बघ.”

तिचं हसू मावळलं. पुन्हा गणितं घातली. या वेळी ती अर्धवट वळली, आठवण झाली, चटका बसल्यागत पुढे फिरली. पुन्हा गणितं. पेन्सिल थांबली. मान ताठ राहिली, पण खांदा वळायला निघाला होता तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. बाईंना ते मागून दिसत होतं. पीळ जात नाही म्हणतात, पण एवढ्याशा खांद्यातला तो पीळ बाईंच्या डोळ्यांदेखत सुटत चालला होता. आणि तो सोडवणाऱ्याही बाईच होत्या.

आता खरी परीक्षा घ्यायला हवी होती.

“अडलं गं माझं, मुंगी,” त्या हळूच म्हणाल्या.

मुंगी हलली नाही.

“हातचा कुठला घेऊ? कळतच नाहीये.”

मुंगीने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. फळ्याकडे बघत राहिली.

“शाबास,” बाई म्हणाल्या. आणि मग त्या बाकावरून लगेच उठवेना त्यांना. आयुष्यात इतक्या मुलांना इतकं काही शिकवलं, पण शिकवलेलं जमलं म्हणून रडू यावं, असं पहिल्यांदाच होत होतं.

विज्ञानाच्या पेपराला वर्ग गच्च भरला होता. बाईंनी प्रश्नपत्रिका वाटल्या आणि फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मुंगी दुसऱ्या बाकावर, मागे लंबू. तो बिचारा नावाप्रमाणे लांबलचक, बाकात मावत नव्हता आणि प्रश्नपत्रिकेतही. पाण्याच्या चक्राची आकृती काढायची होती. फेरी मारताना बाईंना दिसलं, पठ्ठ्याने समुद्र झकास काढला होता, ढग तर त्याहून झकास, पण बाण सगळे उलटे. ढगांतून वाफ खाली येत होती आणि पाऊस वर चालला होता. तो खोडायचा, पुन्हा तसेच काढायचा, पुन्हा खोडायचा.

मुंगीचं झालं. तिने पेन टोपणात घातलं. दोन्ही हात बाकावर ठेवले.

खिडकीत मोठे सर येऊन उभे राहिलेले बाईंना दिसले. मुंगी समोर बघत होती, म्हणजे बाईंकडेच. मागे लंबूचं खोडरबर घासल्याचा आवाज येत होता. मुंगीच्या डोळ्यांत एक प्रश्न होता, बाईंना तो लख्ख वाचता येत होता. वळू का? बाईंनी नजर खाली वळवली, टेबलावरचा डस्टर उचलला, पुन्हा ठेवला. आणि त्यांच्या मनात आलं, वळ. वळ गं एकदा, होऊ दे काय व्हायचं ते. इतक्या जोराने आलं की त्या स्वतःच घाबरल्या. एवढी धडपड केली ती पोरीची शाळा टिकावी म्हणून, आणि आता नेमकी ती वळायला हवी होती त्यांना.

ती वळली नाही. घंटा होईपर्यंत हात बाकावर ठेवून बसून राहिली. लंबूने कागद फाटेस्तोवर खोडलं आणि शेवटी उलट्या बाणांनिशीच पेपर देऊन टाकला.

“जमलं की बाई तुम्हाला!” मोठे सर दारात येऊन म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. “आता काही निरोप नाही, काही नाही. गुणी आहे पोरगी.”

“हो,” बाई म्हणाल्या. “गुणीच आहे.”

फाटकाशी मुंगी दप्तर छातीशी धरून उभी होती.

“बाई, मी नाही वळले.”

“बघितलं मी.”

“त्याचे बाण उलटे होते का हो?”

“तुला कसं कळलं?”

“खोडरबराचा आवाज येत होता. सारखा त्याच त्याच जागी.” बाईंना वाटलं, आता विचारेल, मग त्याला कोण सांगणार? त्या उत्तराची जुळवाजुळवही करायला लागल्या. पण तिने ते विचारलं नाही. रिबीन नीट बांधली आणि रस्त्याकडे बघू लागली.

“वडिलांना काही कळणार नाही हं,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी सहावीत जायचं, मग सातवीत. कळलं ना?”

“हो, बाई.”

बस आली. मुंगी चढली. मागचा लांब बाक मोकळाच होता, पण ती पुढेच बसली, ड्रायव्हरच्या मागे. दप्तर मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्यावर ठेवले. शहाणी मुलगी, एकदा शिकवलेलं कधी विसरायची नाही.

बाईंनी हात वर केला होता. बस निघाली, धूळ उडाली, मागची काच रिकामी दिसत राहिली. बाईंनी हात खाली घेतला नाही. रस्त्याचं वळण अजून थोडं लांब होतं.